रिस्टोअर न केलेली क्लासिक गाडी विकताना: आधी काय, नंतर काय, आणि कशाला हात लावायचा नाही

गाडी विकायची ठरली की बहुतेक जण पहिल्या सुट्टीला पाइप लावून ती धुतात. दुसऱ्या सुट्टीला नवी बॅटरी टाकून चावी फिरवतात. मग चार फोटो काढून जाहिरात देतात, आणि गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की कागदपत्रांची शोधाशोध सुरू होते. रोजच्या वापरातल्या गाडीला हा क्रम चालून जातो. तीस-चाळीस वर्षांत कुणी खोलली नाही, रंगवली नाही अशा गाडीचं मात्र पहिल्या दोन कामांतच कायमचं नुकसान होऊ शकतं, आणि कागद शेवटावर ठेवल्यामुळे जमत आलेला सौदा फिसकटतो.

अशी गाडी घेणारा माणूस पुरावा विकत घेतो. ती कारखान्यातून कशी निघाली, मधल्या काळात तिचं काय झालं आणि आज पत्र्याखाली काय उरलंय, हे त्याला जिथे स्पष्ट दिसतं तिथे तो पैसे मोजतो. जिथे दिसत नाही तिथे सगळ्यात वाईट शक्यता धरून कापतो. पुढचे टप्पे त्याच हिशेबाने लावले आहेत, म्हणून त्यांचा क्रम मोडू नका.

## टप्पा १: कागद आधी, गाडी नंतर

नोंदणीच्या कागदावर कोणाचं नाव आहे ते बघा. विकणारा तुम्ही आणि नाव वडिलांचं किंवा आजोबांचं असेल, तर जाहिरातीचा विचार तूर्त सोडा. आधी वारसांची लेखी संमती घ्या आणि गाडी नावावर करून घ्या. एका भावाने ठरवलं आणि दुसऱ्याला सौद्यानंतर कळलं, असं झालं की गाडी गोदामात आणि घर वादात अडकतं.

कागदावर कर्जाचा बोजा नोंदलेला आहे का? कर्ज केव्हाच फिटलेलं असतं, पण नोंद उतरवायची राहून गेलेली असते. ती उतरवायला वेळ लागतो, कारण कर्ज देणारी संस्थाच कधी कधी बंद झालेली किंवा दुसरीत विलीन झालेली असते. हे काम गिऱ्हाईक आल्यावर सुरू केलंत तर तो थांबणार नाही.

मग कागदावरचे आकडे गाडीवरच्या आकड्यांशी जुळवा. आजचा १७ अक्षरी चासी नंबर १९८०च्या दशकापासून रुळत गेला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती. नंबर कुठे चासीवर ठोकलेला असे, कुठे फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यावरच्या) पट्टीवर, कुठे दोन्हीकडे. इंजिनचा नंबर वेगळा असे. चारही बाजूंनी शोधा आणि जिथे सापडेल तिथला नंबर लिहून घ्या. कागद लिहिताना कारकुनाने ३ चा ८ केलेला असणं, किंवा इंजिन बदललं पण नोंद जुनीच राहिली असणं, या दोन गोष्टी फार वेळा आढळतात.

सावधान: गंजलेला नंबर वाचण्यासाठी पॉलिशपेपर, ग्राइंडर किंवा तारेचा ब्रश वापरू नका. नंबराभोवती घासल्याच्या खुणा दिसल्या की तपासणाऱ्याला छेडछाडीचा संशय येतो आणि तो पुन्हा पुसता येत नाही. मऊ कापडाने थोडं तेल लावा, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा. आकडा कागदावर उमटतो.

जुन्या पावत्या, सर्व्हिसचं पुस्तक, विम्याचे कागद, दुकानाचं मूळ बिल, गाडीसोबत काढलेले घरचे फोटो, सगळं वर्षाच्या क्रमाने एका फाइलमध्ये लावा. कळकट पावतीही टाकू नका. जुन्या गाड्यांचं किलोमीटर किंवा मैलाचं मीटर बहुधा पाच आकड्यांचं असतं. ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येतं. मीटरवर ४२,००० दिसतात तेव्हा ते खरे ४२,००० की १,४२,००० हे मीटर सांगत नाही, पण पावत्यांवर मेकॅनिकने टिपलेले आकडे सांगतात. पावत्या नसतील तर "मीटरवर इतके दिसतात" एवढंच लिहा. "इतकीच चालली आहे" असं लिहू नका.

तपासा: नाव, बोजा, चासी नंबर, इंजिन नंबर. चारही स्वच्छ झाल्याशिवाय पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा २: "ओरिजिनल" म्हणजे नेमकं किती, ते शोधा

या शब्दावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. विकणाऱ्याच्या मनात ओरिजिनल म्हणजे "आम्ही काही केलं नाही". घेणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ "कारखान्यातून निघाल्यापासून कुणीच काही केलं नाही". दोन्हींत मोठं अंतर आहे. गाडी तुमच्याकडे येण्याआधी पंचवीस वर्षं दुसऱ्याकडे होती, तर त्या काळाची साक्ष तुम्ही देऊ शकत नाही.

रंगापासून सुरुवात करा. रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र मिळतं. विकत घ्यायची गरज नाही, डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून तासाभरासाठी मागून आणा. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १८० मायक्रॉनच्या आसपास असतो. ३००च्या वर गेलं की पुन्हा रंग मारल्याची शक्यता दाट, आणि हजाराकडे गेलं की खाली पुट्टी आहे असं समजा. हाताने रंगवलेल्या फार जुन्या गाड्यांचे आकडे यापेक्षा वेगळे येतात, म्हणून एकट्या आकड्यावर विसंबू नका. सगळ्या गाडीभर आकडे एकसारखे आहेत का, ते बघा. छत, बॉनेट आणि तीन दारांवर १२० आणि चौथ्या दारावर ४५०, तर त्या दाराला कधीतरी मार बसला होता. यंत्र मिळालं नाही तर पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. पुट्टीवर त्याची पकड सुटते. ॲल्युमिनियमच्या भागांवर ही युक्ती चालत नाही.

मग तारखा शोधा. इंजिनच्या ब्लॉकवर ओतकामाचा नंबर आणि बऱ्याचदा तारखेची खूण असते. ती तारीख गाडी बनल्याच्या तारखेच्या थोडी आधीची असायला हवी. नंतरची असेल तर तो ब्लॉक मागून बसवलेला आहे. काचांच्या कोपऱ्यातही बनावटीचे संकेत असतात. पाच काचांवर एक संकेत आणि सहाव्यावर दुसरा, म्हणजे ती बदललेली. टायरवर २००० सालापासून शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर २०००च्या आधीचा आहे. तो दाखवायला ठेवा, पण त्यावर गाडी रस्त्यावर नेऊ नका.

काही कंपन्यांच्या उत्पादनाच्या वह्या अजून जपलेल्या आहेत आणि त्यांतून दाखला मिळतो. अनेक ब्रिटिश गाड्यांसाठी ब्रिटिश मोटर म्युझियम हेरिटेज सर्टिफिकेट देतं. त्यात मूळ रंग, इंजिन नंबर, बनल्याची तारीख अशी माहिती असते. तुमच्या गाडीच्या कंपनीकडे किंवा त्या मॉडेलच्या क्लबकडे अशी सोय आहे का ते विचारा. असा एक कागद तुमच्या दहा दाव्यांना पुरून उरतो.

शेवटी एका कागदावर तीन रकाने आखा: "कारखान्याचं", "बदललेलं", "माहीत नाही". प्रत्येक भाग कुठल्यातरी एका रकान्यात गेलाच पाहिजे. तिसरा रकाना मोठा झाला तर संकोच करू नका. जाणता गिऱ्हाईक तो रकाना वाचूनच तुमच्यावर विश्वास टाकतो.

## टप्पा ३: फडका लावण्याआधी फोटो

गाडी जशी उभी आहे तशीच टिपा. धुळीसकट, बसलेल्या टायरांसकट, शेजारी रचलेल्या खोक्यांसकट. ही स्थिती पुन्हा मिळणार नाही आणि पुढे "मधे काही लपवलं का?" या प्रश्नाला हेच उत्तर असतं. आज जाहिरातीचा विचार करू नका. फक्त नोंद करा.

## टप्पा ४: साफसफाई – किती आणि कुठे थांबायचं

२०१५च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये आर्तक्युरियाल या लिलावगृहाने कित्येक दशकं पडून राहिलेल्या बायों संग्रहातल्या गाड्या धुळीसकट मांडल्या आणि त्यांना प्रचंड बोली लागल्या. तेव्हापासून धूळ ठेवली की भाव वाढतो असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. तिथे काही गाड्याच अत्यंत दुर्मीळ होत्या. साध्या चार दारांच्या सेडानवरची धूळ ही फक्त धूळ असते, आणि तिच्याखाली रंग कसा आहे हे गिऱ्हाइकाला बघायचं असतं. शिवाय धुळीत ओल धरून राहते. तेव्हा टप्पा ३ झाला की धूळ काढा. प्रश्न फक्त हात किती हलका ठेवायचा याचा आहे.

बाहेरून: आधी हवेने किंवा मऊ ब्रशने सुटी धूळ उडवा. कोरडं फडकं फिरवलंत तर तीच धूळ पॉलिशपेपरसारखी घासते. मग साधं पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड. प्रेशरने पाणी मारू नका. वाळलेल्या रबराच्या कडांमधून ते दारांत आणि डिकीत शिरतं, सुटत आलेल्या रंगाचे पापुद्रे उडवतं. जुना रंग पातळ असतो, कडांवर आणि पत्र्याच्या घड्यांवर तर आणखी पातळ. मशिनने पॉलिश केलं की तिथे प्रायमर उघडा पडतो. तो गेलेला रंग परत येत नाही. त्यावर क्लिअर कोट मारून चमक आणणं तर सगळ्यात वाईट, कारण मग रंग मूळ आहे हे सिद्ध करणंच अवघड होतं.

आतून: सीटचं मूळ कापड उसवलं असेल तर तसंच राहू द्या. फाटलेली मूळ सीट आणि नवं कव्हर यांत फाटकी सीट जास्त मोलाची असते. कारण शिंप्याला नमुना त्यातूनच मिळतो. छताचं अस्तर लोंबत असेल तर ओढू नका, टाचण्या लावू नका.

सावधान: उंदरांची घाण झाडूने कोरडी झाडू नका. मास्क आणि हातमोजे घाला, जंतुनाशक फवारून भिजवा आणि मग ओल्या फडक्याने उचला. ब्रेकच्या भागातली धूळही हवेने उडवू नका. जुन्या ब्रेक शूजमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

बॉनेटखाली सगळ्यात सांभाळून. तिथे कारखान्यातल्या तपासनिसाच्या खडूच्या रेघा, बोल्टवरचे रंगाचे ठिपके, तेल बदलल्याचे चिकटवलेले कागद, बॅटरीचा दोरा लावलेला टॅग असतो. माझ्याच हातून एकदा बॉनेटच्या आतल्या अंगाला खडूने लिहिलेला आकडा डिग्रीझरच्या (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाच्या) एका फवाऱ्यात निघून गेला. तो कारखान्यातला आकडा होता, एवढ्या वर्षांत कुणी पुसला नव्हता. तो परत लिहून उपयोग नव्हता. तेव्हापासून मी इंजिनच्या खणात ब्रश आणि फडक्यापलीकडे जात नाही.

सुटे निघालेले स्क्रू, पट्ट्या, तुटक्या काचा, कंपनीचा जॅक, हत्यारांची पिशवी, जुनी चावी, सगळं पिशव्यांत भरून चिठ्ठ्या लावा. डिकीतला कचरा म्हणून टाकून दिलेली एखादी क्लिप नवीन कुठेच मिळत नसते.

## टप्पा ५: इंजिन – चावी फिरवण्याआधी

वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या इंजिनला नवी बॅटरी लावून स्टार्टर मारणं ही या सगळ्या कामातली सर्वात महागडी चूक आहे. सिलिंडरच्या भिंतींवर तेल उरलेलं नसतं, रिंगा चिकटलेल्या असतात, व्हॉल्व्ह अडकलेले असतात. जोर लावला की काहीतरी वाकतं किंवा तुटतं, आणि विकाऊ "बंद" इंजिनचं "मोडकं" इंजिन होतं. क्रम असा ठेवा:

१. एअर फिल्टरच्या डब्यात आणि सायलेन्सरच्या नळीत उंदराचं घरटं नाही ना ते बघा.

२. तेलाची पट्टी काढून बघा. तेल दुधी दिसलं तर त्यात पाणी गेलंय. इथेच थांबा आणि तसं लिहून ठेवा.

३. सगळे स्पार्क प्लग काढा, क्रमाने ठेवा. प्रत्येक भोकातून थोडं पातळ तेल सोडा आणि एक-दोन दिवस तसंच राहू द्या.

४. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या पुलीवर पाना लावून हाताने फिरवून बघा. फिरलं तर सावकाश दोन पूर्ण फेरे. अडलं तर जोर लावू नका. पुन्हा तेल, पुन्हा वाट.

५. तरीही नाही फिरलं तर सोडून द्या. "इंजिन जाम आहे, प्लग काढून तेल सोडलं, हाताने फिरत नाही" एवढं प्रामाणिक वाक्य पुरेसं आहे.

फिरलंच, तर जुनं तेल बदला आणि टाकीतलं जुनं पेट्रोल इंजिनपर्यंत जाऊ देऊ नका. ते चिकट होऊन कार्ब्युरेटरची बारीक भोकं बुजवतं आणि टाकीतला गंजही सोबत आणतं. मूळ पाइप सोडवून छोट्या वेगळ्या डब्यातून ताजं पेट्रोल द्या. आग विझवण्याचं सिलिंडर हाताशी ठेवा. वाळलेला रबरी पाइप पहिल्याच मिनिटात गळतो.

बॅटरी जोडण्याआधी गाडी ६ व्होल्टची की १२ची, आणि बॅटरीचं कुठलं टोक अर्थला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला, जोडलेलं आहे ते तपासा. १९६०च्या दशकापर्यंतच्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टोक अर्थला असे. सवयीने निगेटिव्ह जोडलं की डायनॅमो किंवा रेडिओ जाऊ शकतो.

सावधान: इंजिन चालू झालं म्हणजे गाडी चालवण्यालायक झाली असं नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि व्हील सिलिंडर आतून गंजतात. पॅडल कडक लागलं तरी पहिल्या जोरात ते तळाला जाऊ शकतं. ब्रेक खोलून तपासल्याशिवाय गाडी स्वतःच्या ताकदीवर एक मीटरही हलवू नका आणि कुणाला चालवून बघू देऊ नका.

## टप्पा ६: काय दुरुस्त करायचं

फार थोडं. चाकं फिरती करा, म्हणजे गाडी ढकलता येईल. हवा धरणारे टायर लावा, मूळ टायर सोबत ठेवा. दारं, बॉनेट, डिकी उघडतील असं बघा. बस.

अर्धवट काम सगळ्यात जास्त नुकसान करतं. एक मडगार्ड रंगवलं की गाडी मूळही राहत नाही आणि रिस्टोअर केलेलीही होत नाही. विकण्याच्या तोंडावर खालून काळं अंडरकोटिंग मारलेलं दिसलं की अनुभवी माणूस जमिनीवर आडवा होऊन स्क्रूड्रायव्हरने टोचायला लागतो. खाली गंज असेल तर तो गंजच दिसू दे.

## टप्पा ७: किंमत

रिस्टोअर केलेल्या गाडीच्या किमतीतून दुरुस्तीचा खर्च वजा केला की आपली किंमत निघाली, असा हिशेब सर्रास होतो. तो चुकतो, कारण बऱ्याच मॉडेलांचा पूर्ण रिस्टोरेशनचा खर्च तयार गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त असतो. त्या हिशेबाने तुमची गाडी उणे किमतीची ठरेल.

त्याऐवजी गिऱ्हाईक कोण आहे ते ओळखा. गाडी पूर्ण, पत्रा धड आणि रंग मूळ असेल तर ती जशी आहे तशी जपणारा माणूस शोधा. त्याला तुमचा प्रत्येक ओरखडा हवा असतो. २०२४ साली अमेरिकेतल्या पेबल बीचच्या क्लासिक गाड्यांच्या स्पर्धेत रिस्टोअर न केलेल्या १९३४च्या बुगाटी टाइप ५९ला सर्वोच्च मान मिळाला, त्यावरून या वर्गाचं वजन कळतं. पत्रा सडलेला पण भाग पूर्ण असतील तर रिस्टोअर करणारा माणूस तुमचा. भाग गायब असतील आणि कागदही अपुरे, तर सुट्या भागांसाठी घेणारा. या तिघांची किंमत वेगळी आणि त्यांच्याशी बोलायची भाषाही वेगळी.

तुलना करताना मागितलेल्या किमती बघू नका, झालेल्या विक्रीच्या बघा. लिलावाच्या प्रसिद्ध होणाऱ्या आकड्यात बहुधा घेणाऱ्याने भरलेलं कमिशनही धरलेलं असतं. विकणाऱ्याच्या हातात पडलेली रक्कम त्याहून बरीच कमी असते. त्याच मॉडेलची, त्याच वर्षांच्या आसपासची आणि जवळपास त्याच स्थितीतली तीन उदाहरणं मिळाली तरी पुष्कळ. तीनही नाही मिळाली तर त्या मॉडेलच्या क्लबमधल्या जुन्या माणसांना फाइल दाखवा आणि त्यांचं ऐका. तुमची आठवण त्या गाडीत गुंतलेली आहे हे मला कळतं, पण गिऱ्हाइकाने तिचे पैसे द्यावेत ही अपेक्षा धरली की गाडी आणखी पाच वर्षं उघड्यावर गंजत राहते. हे मी फार वेळा पाहिलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं.

## टप्पा ८: फोटो आणि जाहिरात

ढगाळ दिवसाचा सपाट उजेड सगळ्यात चांगला. गाडी कोरडी असू द्या, ओल्या पत्र्यावर फिका रंगही तजेलदार दिसतो. चांगला गिऱ्हाईक ओली गाडी बघून फोटो बंद करतो. चारही कोपरे, चारही बाजू, मग खालची बाजू: फ्लोअर, दारांखालच्या कडा, जॅक लावायच्या जागा, स्टेपनीचा खड्डा. गंजाच्या प्रत्येक भोकाशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. शंभर फोटो झाले तरी जास्त नाहीत.

चासी नंबराचे शेवटचे काही आकडे जाहिरातीत झाका. पूर्ण नंबर प्रत्यक्ष येणाऱ्याला दाखवा. उघड्यावरचा नंबर दुसऱ्या गाडीवर ठोकून विकण्याचे प्रकार होतात.

मजकुरात दोष आधी लिहा, मग गुण. "थोड्या कामात चालू होईल" हे वाक्य कधीच लिहू नका. थोडं काम असतं तर तुम्ही केलं असतं, असंच वाचणारा म्हणतो. टप्पा २ मधला तीन रकान्यांचा कागद जसाच्या तसा द्या.

## टप्पा ९: बघायला येणारे

आधी फोनवर दहा मिनिटं बोला. माणूस तीन रकाने वाचून आलाय की नुसती किंमत विचारतोय, ते लगेच कळतं. दिवसा बोलवा, सोबत घरचं कुणीतरी ठेवा, गाडीला जॅक लावून स्टँडवर उभी करून ठेवा म्हणजे त्याला खालून बघता येईल. नुसत्या जॅकवर कुणालाही गाडीखाली जाऊ देऊ नका.

मूळ फाइल हातात देऊ नका, प्रत द्या. तो गाडी बघत असताना गप्प बसा. विचारलं तेवढंच सांगा, आणि माहीत नसेल तर तसं म्हणा. तज्ज्ञ घेऊन यायचं असेल तर येऊ द्या. नकार दिला की संशय वाढतो.

## टप्पा १०: इसार, पैसे, रवानगी

इसार घेतलात तर लेखी घ्या: किती, कोणत्या तारखेपर्यंत उरलेली रक्कम, आणि सौदा मोडला तर इसाराचं काय. तोंडी इसारातून सर्वात जास्त कटुता येते.

ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त पाठवून "वरचे पैसे वाहतूकदाराला द्या" म्हणणारा गिऱ्हाईक आला तर तिथेच थांबा. ही ठरलेली फसवणूक आहे. त्याची मूळ रक्कम नंतर परत जाते आणि तुम्ही दिलेले पैसे बुडतात. पैसे खात्यात पक्के जमा झाल्याचं बँकेकडून कळेपर्यंत गाडी, चाव्या आणि मूळ कागद यांपैकी काहीही सोडू नका.

विक्रीच्या करारात लिहा: दोन्ही नंबर, मीटरचा आकडा "दिसतो तो" म्हणून, तारीख आणि वेळ, गाडी जशी आहे तशी दिली-घेतली हे वाक्य, आणि सोबत दिलेल्या पिशव्या-खोक्यांची यादी. दोष सांगितल्याची यादीही जोडा आणि त्यावर घेणाऱ्याची सही घ्या. तीच यादी पुढे तुमचं संरक्षण करते.

नेताना सपाट पाटाची गाडी आणि विंच मागवा. चाकं जाम असतील तर ते आधीच सांगा, म्हणजे ते चाकांखाली सरकत्या पाट्या आणतील. विंचचा हूक बंपरला किंवा गंजलेल्या पत्र्याला अडकवू देऊ नका, चासीची धड जागा तुम्ही आधीच शोधून खडूने खूण करून ठेवा. गाडी चढताना फोटो काढा. ती रस्त्याला लागली की त्याच दिवशी नोंदणी कार्यालयाला विक्री कळवा आणि पोचपावती फाइलच्या प्रतीत लावून ठेवा.